मायक्रॉनरावांचा लेथ म्हातारा होतो

मायक्रॉनरावांनी त्या रविवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की घरातल्या वॉशिंग मशीनचं नाचणं बंद करायचं.

(मायक्रॉनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते टर्नर, म्हणजे लेथ या यंत्रावर लोखंडी रॉड कातणारे. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. मायक्रॉनभर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, फरकसुद्धा आपल्याला खपत नाही, हे ते इतक्या वेळा सांगत की गल्लीने त्यांचं नावच बदलून टाकलं.)

मशीन कपडे पिळायला लागलं की थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत यायचं. बायको त्याला गुडघ्याने अडवून ओरडायची, "अहो, साऱ्या जगाचं लोखंड नीट करता, घरातलं एवढं एक करा ना!"

मशीनचा एक पाय आखूड होता. त्याखाली सरकवायला काहीतरी सपाट हवं म्हणून मायक्रॉनराव शेडमध्ये गेले, तर लेथच्या मागच्या पायाखालून एक पोलादी पट्टी डोकावत होती. हा लेथ सासऱ्यांचा. त्यांनीच तो बसवला, उभा जन्म चालवला आणि हात थरथरायला लागल्यावर जावयाच्या स्वाधीन केला. मायक्रॉनरावांनी बोल्ट ढिला केला, पट्टी ओढली, बोल्ट पुन्हा आवळला. एवढ्या अवजड धुडाला एका पातळ पट्टीचं काय कौतुक?

मशीन गप्प झालं. बायकोने न मागता चहा दिला.

दुसऱ्या दिवसापासून लेथ बिघडला. रॉडचं एक टोक जाड, दुसरं बारीक. मायक्रॉनरावांनी टूल बदललं, तेल बदललं, शेवटी गिऱ्हाइकाचा चष्मा बदलायला हवा असंही सुचवून पाहिलं. पट्टी मात्र त्यांना आठवली नाही. (आठवली असती. पण नेमका त्याच आठवड्यात नव्या लेथचा रंगीत कॅटलॉग घरात आला होता आणि ते तो उशाशी घेऊन झोपत होते.)

"लेथ म्हातारा झाला," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "दुरुस्तीत अर्थ नाही. बदलायलाच हवा."

"बाबांना कोण सांगणार?" बायकोचा घास हातातच राहिला.

"मी सांगतो. मशीनच्या बाबतीत हळवं होऊन चालत नाही."

त्यांनी सांगितलं. सासरे स्वतःच्या बोटांकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "चूक माझीच, जावईबापू. मीच फार राबवलं त्याला. झिजलेलं मशीन तुमच्या गळ्यात मारलं."

"असू द्या हो, मामा," मायक्रॉनराव मोठ्या मनाने म्हणाले.

(हे वाक्य नंतर त्यांना कित्येक दिवस झोपू देणार नव्हतं.)

जुनी मशीनं घेणारा व्यापारी टेम्पो घेऊन यायचा होता, त्या सकाळी सासरे लेथचा निरोप घ्यायला आले. स्वच्छ शर्ट घातलेला, खिशात स्वतःची जुनी लेव्हल, सपाटी तपासायची काचेची नळी. त्यांनी लेथवरून फडकं फिरवलं.

"जाता जाता एकदा लेव्हल बघू का? उगाच आपलं मनाला."

"बघा ना," मायक्रॉनराव म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली. आधी लेव्हल, मग बाकीचं, हा धडा याच माणसाने त्यांना पहिल्या दिवशी दिला होता.

काचेतला बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला. सासरे कण्हत खाली वाकले आणि त्यांनी मागच्या पायाखाली बोट घातलं.

"इथली पट्टी कुठे गेली?"

"झिजली असेल, मामा," पट्टी आता कुठे आहे हे एकदम आठवून मायक्रॉनराव म्हणाले.

"सगळी?"

तेवढ्यात बायको आली. "बाबा, लेथचं राहू द्या. आत चला, यांनी वॉशिंग मशीन किती छान बसवलंय बघा! हूं की चूं करत नाही!"

"नको, त्यांना कशाला त्रास!" मायक्रॉनराव इतक्या जोरात ओरडले, की स्वतःच दचकले.

पण बायको वडिलांचा हात धरून निघालीसुद्धा. मशीन कपडे पिळत होतं, अगदी शहाण्यासारखं. सासरे वाकले. कडा कानशीने गोल केलेली आपली पट्टी त्यांनी लगेच ओळखली. मायक्रॉनरावांना वाटलं, आता त्यांनी चारचौघांत चार शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटलो. सासरे फक्त म्हणाले, "काम चांगलं झालंय हो." आणि नजर वळवली.

शिव्या परवडल्या असत्या.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापारी दारातूनच म्हणाला, "चला, कुठलं मशीन न्यायचंय?"

मायक्रॉनरावांचे कान पेटले होते.

"कुठलंच नाही," ते म्हणाले. "लेथ ठणठणीत आहे. त्याच्या पायाखालची पट्टी मीच काढली, आणि इथे घातली. मामा, तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मी... मी लेव्हल बघितलीच नाही."

"म्हणजे माझे बाबा इतके दिवस स्वतःला दोष देत होते, ते तुमच्यामुळे?" बायकोने विचारलं. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

व्यापारी समजूतदार होता. त्याने टेम्पो मागच्या मागे वळवला.

पट्टी काढून सासऱ्यांनी ती लेथखाली स्वतःच्या हाताने बसवली. बुडबुडा मधोमध आला, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि फडक्यात तेल फार असल्याची तक्रार केली. आत मात्र कपड्यांची दुसरी खेप पिळायला लागली होती आणि वॉशिंग मशीन दणदणत दाराकडे निघालं होतं.

"बरोबर मापाचा पाय कातून देतो लगेच!" मायक्रॉनराव धावले.

"लेथला आता हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "आज बाबा चालवणार. तुम्ही बसा इथे."

"कुठे?"

"मशीनवर. आखूड पायाच्या समोरच्या कोपऱ्यावर."

मायक्रॉनराव बसले. मशीन जागच्या जागी राहिलं, ते मात्र दातांसकट थरथरत राहिले. सासऱ्यांनी त्यांच्या मांडीशेजारी लेव्हल ठेवली, चष्मा वर केला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"बरोबर मधोमध, जावईबापू," ते म्हणाले. "आता मायक्रॉनभरसुद्धा हलू नका."