काठावर पास गिझर

आमच्या बाभुळगावात गिझरला कान लावून बसणारा माणूस एकच, आमचे शेजारी देवराव गुरुजी.

गुरुजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची खोड काही गेली नाही. शाळेतली पोरं सुटली तेव्हा पाळी आली गिझरवर. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं त्याच्या पोटात क्षारांचे थर साचलेले. बटण दाबलं की गडगडायला लागायचा. सकाळीच गुरुजी कंपाउंडवरून हाक मारायचे, "भाऊ, या बरं! कालच्यापेक्षा वाढला का आवाज?"

मी अर्धी दाढी सोडून जायचो. समोरचे पाटील यायचे, दूधवालाही सुटायचा नाही. न्हाणीघरात आम्ही सगळे माना वर करून उभे, आणि मग ओसरीवर चहा. गिझर आवाजात नापास, पाण्याच्या रंगात नापास, वेळेत पेपर सोडवण्यात तर साफ नापास.

"गुरुजी, आता टाकीच गळून राह्यली. हे काही दुरुस्त होत नाही, बदलाच," मी एकदा बजावलं.

"कायले? काठावर पास हाय. अजून एक संधी देऊ." असं म्हणत त्यांनी गळतीखाली डबा सरकवला आणि मला दुसरा चहा ओतला.

दिवाळीला गुरुजींचा मुलगा पुण्याहून आला. उटणं लावून आंघोळीला बसला, तर बादलीत गंजाचं तांबडं पाणी, आणि तेवढ्यात घरातली लाइटच गेली. त्यानं त्याच दिवशी नवा गिझर बसवला आणि सुट्टी संपली तसा निघून गेला.

नवा गिझर हूं की चूं करेना. हाका बंद झाल्या, आणि खरं सांगतो, माझी दाढी एका दमात व्हायला लागली याचा मला आनंदच झाला.

एका सकाळी गुरुजी आमच्या दारात. "भाऊ, तुमचा गिझर लय आवाज करून राह्यला."

आमचा गिझर गेल्या वर्षीचा, अगदी मुका. तरी गुरुजींनी त्याला कान लावला, डोळे मिटले. "जरा कच्चा हाय. लक्ष ठेवा लागते."

बायको काही बोलणार, तेवढ्यात मी तिला खुणेनंच थांबवलं. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यापासून त्या घरात बोलायला होता कोण? तो गडगड्या होता म्हणून आम्ही तरी जात होतो.

"मलेही तोच डाउट होता, गुरुजी," मी म्हणालो. "पण एका दिवसात काय समजते? रोज सकाळी येऊन पाहा लागते."

"येतो न," गुरुजी म्हणाले.

बायकोनं तोवर चहाचं आधण ठेवलं होतं.