एकोणीस मिनिटांचा संयम

मनुष्याचा स्वभाव संस्कार, शिक्षण आणि हार्ड डिस्क या तीन गोष्टींनी घडतो. पहिल्या दोन गोष्टींवर ढीगभर ग्रंथ निघाले. तिसरीकडे विद्वानांनी साफ दुर्लक्ष केलं आहे.

तक्रार निवारण कक्षाच्या हेडक्लार्कांचंच घ्या. बारा वर्षांत या गृहस्थांनी एकही वावगा शब्द लिहिला नव्हता. लोक नाही नाही ते लिहून पाठवत. उत्तर मात्र 'आपल्या भावना समजल्या' एवढंच जाई. कार्यालयात त्यांना 'बर्फाची लादी' म्हणत (प्रेमाने). ही ख्याती घरापर्यंत पोचली नव्हती. एका निरोप समारंभात नवऱ्याची स्तुती ऐकून बायकोने हळूच विचारलं होतं, "अहो, हे नक्की कोणाबद्दल बोलतायत?"

कारण उघड आहे. घरी बोलायला लॅपटॉप सुरू करावा लागत नाही. कार्यालयात वीजबचतीच्या परिपत्रकानुसार प्रत्येक कामानंतर तो बंद करायचा असे, आणि पुन्हा सुरू व्हायला हेडक्लार्कांचा लॅपटॉप मोजून एकोणीस मिनिटं घेई. आता रागाचं आयुष्य पाहू. गार चहाचा राग चार मिनिटं टिकतो. तक्रारदाराने अक्कल काढली तर अकरा. साहेबांचा सतरा (म्हणजे साहेबांवरचा, साहेबांना स्वतःला येणारा मोजण्याची सोय नाही). थोडक्यात, पडदा उजळेपर्यंत कोणताही राग उतरून वर दोन मिनिटं उरत, आणि तेवढ्यात बोटं 'महोदय' लिहायला तयार होत.

यंदा कक्षप्रमुखाची जागा रिकामी झाली. हेडक्लार्कांना ती फार हवी होती. इतकी, की दारावरच्या पाटीत आपलं नाव आडनावासकट मावेल का, हे त्यांनी कोणी बघत नाहीसं पाहून वितीने मोजलं होतं. साहेबांनी शब्दही दिला. "तुमच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही. सोमवारी हुकूम काढतो." शिवाय कौतुक म्हणून, गतिमानता पंधरवड्यातली पहिली एसएसडी (म्हणजे झटपट चालणारी नवी डिस्क) त्यांच्याच लॅपटॉपला मंजूर केली.

दुरुस्तीवाल्याने आधी सगळी माहिती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घेतली, मग पाठीचे स्क्रू काढून अदलाबदल केली.

"जुनीत तबकडी फिरते, म्हणून वेळ लागतो," तो म्हणाला. "हिच्यात काहीच फिरत नाही."

लॅपटॉप नऊ सेकंदांत सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फायली मोजल्या, एकही कमी भरली नाही.

शुक्रवारी शिपाई साहेबांची चिठ्ठी घेऊन आला: 'मासिक तक्ता परिशिष्ट क मध्ये पाठवावा.' हाच तक्ता साहेबांच्याच सांगण्यावरून आधी अ मध्ये आणि मग ब मध्ये पाठवून झाला होता. लॅपटॉपच्या आत फिरण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहजिकच हेडक्लार्कांचं डोकं फिरलं. त्यांनी बटण दाबलं आणि नवव्या सेकंदाला लिहायला बसले:

'अ झालं, ब झालं, आता क. थेट ज्ञ पर्यंत जायचं असेल तर तसं एकदाच सांगा. तक्ता तोच राहील. तुमची अक्कलही तेवढीच राहील.'

ईमेल पाठवताना पत्त्याच्या जागी घाईत 'सर्व कर्मचारी' पडलं (एकूण बासष्ट, साहेब धरून).

राग नियमाप्रमाणे सतराव्या मिनिटाला उतरला. हेडक्लार्कांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं. ते धापा टाकत दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"अहो, ती जुनी डिस्क परत बसवा!"

"साहेब, लोक फास्ट करून द्या म्हणून मागे लागतात. स्लो करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"बसवा हो, पाया पडतो."

"बसवतो. पण ईमेल गेला ना? तो काय माघारी येणार?"

सोमवारी हुकूम निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बाई कक्षप्रमुख झाल्या. स्वभावाने अत्यंत शांत, असं साहेब भाषणात म्हणाले. बाईंचा लॅपटॉप सव्वीस मिनिटं घेतो. हेडक्लार्कांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. नंतर स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

आपण हसलात, ते योग्यच. आपला स्वभाव मुळातच समजूतदार, हे सर्वश्रुत आहे. तरी हातातला फोन किती सेकंदांत उघडतो ते एकदा बघा, आणि आलाच आहात तर काल रागाच्या भरात कोणाला काय पाठवलंत तेही वाचा. उत्तर अजून आलेलं नाही. समोरच्याचा फोन जुना असेल, अशी समजूत करून घ्यायला नियमात मनाई नाही.