सुताराची गप्प पेटी

एक होता सुतार, एक होती त्याची बडबडी बायको, आणि एक होती त्यांची नात, जिची बोटं म्हणून स्वस्थ बसत नसत. सुतार कामातून मोकळा झालेला, नात कॉलेजात जाणारी, आणि बडबडी कोण ते पुढे कळेलच. (आत्ताच कळलं असेल तर हसू नका.)

नात डबे बडवायची, टेबल बडवायची. एकदा माझी पाठ चेपायला बसली आणि तीही वाजवून काढली. तिला गाण्याच्या एका ग्रुपात शिरायचं होतं. वाजवणाऱ्याची जागा एकच, निवड रविवारी, आणि वाद्य ज्याचं त्याने आणायचं. तिने मोबाईलवर चित्र दाखवलं. लाकडी पेटी, मागे गोल भोक. वर बसायचं आणि पुढची पातळ फळी हातांनी वाजवायची.

"एवढंच ना?" आमचे हे म्हणाले. "शनिवारी घे."

दोन वर्षं करवतीला हात नव्हता. माणूस खिडकीत बसून नुसता रस्ता बघायचा. त्या दिवशी कानावर पेन्सिल चढली, म्हटलं होऊ दे. लाकूड कमी पडलं तेव्हा माझ्या उशाजवळचं, रात्रीची वाटी ठेवायचं स्टूल नेऊन कापलं, तरी मी बोलले नाही. (म्हणजे अर्धा तासच बोलले.)

पण ह्यांचा एक हट्ट. ह्यांच्या हातचं दार करकरत नाही, खण खडखडत नाही. 'आवाज करतं ते सुतारकाम नव्हे' हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकत आलेय. पुढची फळी त्यांनी अशी चिकटवली, असे स्क्रू आवळले, की मुंगी शिरायची नाही. शनिवारी दुपारी नातीने वर बसून थाप मारली. ढप! उशीवर मारावी तशी.

"आजोबा, आतून जरा चर्र असं खडखडायला हवं हो. वरचे दोन स्क्रू सैल करा ना."

"सैल? माझं काम खडखडतं असं लोकांनी म्हणायचं?"

"अहो, वाद्य आहे ते, कपाट नाही!" मी म्हटलं.

"तू गप्प बस."

नातीने पेटी उचलली, स्टुलाच्या जागी भोक वर करून ठेवली आणि आत जाऊन रडली. हे पुन्हा खिडकीत. मी दोघांनाही सुनावलं आणि आडवी झाले. रोजच्यासारखी डोळे मिटूनच कवळी काढली, हात लांब केला, वाटीत सोडली आणि घोरू लागले.

उठले तर कवळी नाही! वाटी स्वयंपाकघरात, कोरडी ठणठणीत.

"स्टुलाबरोबर माझे दातही कापलेत का?" मी ह्यांना विचारलं. घर पालथं घातलं. रात्री पेज पिऊन झोपले.

रविवारी सकाळी नातीने पेटी उचलली आणि आत काहीतरी खुळखुळलं. ह्यांचा चेहरा उतरला.

"काहीतरी सुटलं! थांब, उघडतो."

तोवर ती वर बसून थाप मारून मोकळी. ढम्‌-चर्र! ढम्‌-चर्र!

"आजोबा, हात लावू नका! हेच! हेच हवं होतं मला!"

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात फिरवला. एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा पोरीच्या तोंडाकडे. मग तो खिशात ठेवला. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हणाले. त्या माणसाला ते किती जड गेलं ते मला ठाऊक.

तिथे सहा जण वाजवून गेले. आमची बसली आणि सगळ्यांचे पाय हलायला लागले. जागा तिलाच मिळाली. ग्रुपच्या बाई विचारू लागल्या, "आजोबा, आत काय बसवलंय? तार?"

"काही नाही," हे म्हणाले. "पाहिजे तर उघडून दाखवतो."

मागचे स्क्रू काढले, हात आत घातला, आणि चारचौघांत माझी कवळी बाहेर आली. अख्खी हसत.

आता घरात रोज करवत चालते. ग्रुपातल्या तिघांनी पेट्या सांगितल्यात, आणि हे आपणहून वरचे स्क्रू सैल ठेवतात. खिडकीत आता मी बसते.

पण त्या दिवशी कवळी उंच धरून हे म्हणाले, "पन्नास वर्षं हिची कटकट मी एकट्याने ऐकली. आज लोकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या."

उत्तर माझ्या जिभेवर होतं हो. पण दात ह्यांच्या हातात होते.