शिलाबाईंच्या झोपेसाठी गतिरोधक

गुंतागुंतीच्या व्यवस्था कशा चालतात, याचं शिबिर करून रत्नपाल खिल्लारे सर कॉलेजातून परतले आणि नरसीच्या रस्त्यावरचं आपलं घर आता चुटकीसरशी दुरुस्त करू, असं त्यांना वाटू लागलं. बायकोचं, शिलाबाईंचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी जरा डोळा लागला की दारावरून एखादा टेम्पो भोंगा वाजवत सुसाट जायचा. त्या दचकून उठायच्या. जेवणावरची वासनाही उडाली होती.

सरांनी भिंतीवर खडूनं वर्तुळं काढून बाणांनी जोडली. गाडी हळू झाली की भोंगा बंद, भोंगा बंद की झोप, झोप झाली की भूक. मोक्याच्या जागी एकदा हात घातला की बाकी सगळं आपोआप हलतं, असं त्यांनी शिलाबाईंना पटवलं आणि सरपंचांच्या मागं लागून दारासमोर गतिरोधक करून घेतला.

गाड्या खरोखर हळू झाल्या. हळू झालेल्या गाडीला पेरू विकता येतात, हे पेरूवाल्या भुजंगच्या ध्यानात आलं. त्यानं टोपली तिथंच मांडली. गिऱ्हाईक थांबायला लागलं तसा नर्मदाबाईंनी शेजारी चहाचा गाडा लावला. चहाला टेम्पो थांबले, मागच्यांचे भोंगे सुरू झाले. सरांनी 'वाहने थांबवू नयेत' अशी पाटी रोवली, तर लोक तिला मोटारसायकली टेकवायला लागले आणि फोनवर एकमेकांना पाटीपाशी बोलवायला लागले. चिडून सरांनी रस्त्याकडेला बाभळीच्या फांद्या पसरल्या. हिरवा पाला बघून किशनरावांच्या शेळ्या आल्या. भर रस्त्यात कळप, दोन्हीकडं गाड्यांची रांग. आधी भोंगे निदान जाता जाता वाजायचे, आता ते मुक्कामाला राहून वाजू लागले.

सर हरले. गतिरोधक उखडून टाकू, असं सांगायला आत गेले, तर खाट रिकामी. धावत बाहेर आले, तर शिलाबाई नर्मदाबाईंच्या बाकड्यावर बसून चहात टोस्ट बुडवून खात होत्या.

"आत पडून पडून जीव उबला होता माझा," त्या म्हणाल्या. "इथं चार माणसं दिसतात तर भूक लागून राहिली. उखडायचा काहून?"

"अगं, पण झोपेचं काय?"

"तिची तकलीफ न्हाई. तुमी काही समजावून सांगाया बसले की येते."

सरांनी तिच्यासाठी आणखी एक टोस्ट मागवला. मग मात्र राहवेना. आपलं नेमकं कुठं चुकलं, ते तिला सांगायलाच हवं होतं. वर्तुळात आपण गाडी धरली, भोंगा धरला, पण माणसं धरलीच नाहीत आणि माणूस तर जागा बघून चाल बदलतो, इथून त्यांनी सुरुवात केली. मागं टेम्पो ठणाणा करत होता. शिलाबाईंचं डोकं अलगद त्यांच्या खांद्यावर कललं, तेव्हा सर अजून पेरूंपर्यंतसुद्धा पोचले नव्हते.