जबाबदार इसम

बायकोच्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हतं, म्हणून मी जास्तीचा एक डबा आणला आणि गॅलरीला लागून असलेल्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधून टाकला. (पायजम्याच्या नाडीनं. पायजमा माझाच.)

"कुणाच्या डोक्यात पडला तर?" बायकोनं विचारलं.

"मी जबाबदार."

ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. लग्नाच्या वेळी सासरे म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, जरा बेजबाबदार आहे. बारा वर्षांत मत बदलायची वेळ मी त्यांच्यावर येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात (मी रस्ते खात्यात कारकून आहे, हे सांगायचं राहिलंच) साहेबांनी बोलावलं.

"लोक आपल्या खांबांवर वायरलेसचे डबे टांगतायत. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर खटला आपल्यावर. ज्याचा डबा तो जबाबदार, अशा नोटिसा काढा. सात दिवसांत उतरवायचे. आणि आपल्यातला कुणी सापडला तर त्याला कायमचा घरी बसवीन."

प्रिंटर बंद होता, म्हणून हातानंच लिहायला बसलो. यादीत नावं नव्हती, नुसते पत्ते. चौथा पत्ता माझा. गाळावा तर यादीखाली साहेबांची सही. लिहिला.

घरी येऊन गाठ सोडायला गेलो, तर सुटेना. (मजबुतीसाठी नऊ मारल्या होत्या.) दोन दिवस ऑफिस सुटलं की गॅलरीत उभा राहून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "जरा पलीकडून जा हो." "का?" "सहजच." झोप उडाली, जेवण जाईना.

"कात्री नाही का घरात?" बायको म्हणाली.

नाडी कापली. डबा सुटला, तो थेट खालून येणाऱ्या सासऱ्यांच्या पिशवीत. अंडी गेली, डोकं वाचलं, माझी नोकरीही वाचली.

सासरे वर आले ते हातात पाकीट घेऊन. येताना आमच्या पत्रपेटीतून काढलेलं. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी ते फोडून मोठ्यानं वाचलं.

"'सदर उपकरणास आपण सर्वस्वी जबाबदार आहात.'" त्यांनी चष्मा काढून पुसला. "जावईबापू, बारा वर्षं मी तुम्हाला ओळखलंच नाही. सरकार लेखी देतंय, जबाबदार."

मला खरंच भरून आलं.

बायकोनं कागद हातात घेतला आणि जरा उजेडात धरला.

"बाबा, अक्षर बघा. हे ह्यांनीच लिहिलंय."