रोलच्या डबीतलं मीठ

हिराजीतात्या लोणचं धुऊन खायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हसलो. ती चूक माफ करण्यासारखी आहे. कोणीही हसलं असतं. पण पुढे मी त्यांच्या मिठात हात घातला, आणि तोही एकदा नव्हे, सलग सहा दिवस. ती चूक आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी भला माणूस समजणार नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. काल्हेरच्या एका गोदामात मी कारकून होतो आणि तात्या गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहायचे. पासष्टी ओलांडलेली, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. अंजूरला त्यांचा दुमजली बंगला होता, जमिनी विकून झालेला. असा माणूस उन्हात टेबल टाकून गेटवर का बसतो, हे आम्हाला कोडंच होतं. शेठ म्हणायचा, "तात्या, घरी आराम करा की." तात्या म्हणायचे, "आराम करून कुनाचं भलं झालंय, शेठ?"

दुपारी एकला आम्ही दोघं काट्याच्या केबिनमध्ये जेवायला बसायचो. काटा म्हणजे ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा. त्याच्या शेजारी खिडकी आणि पंखा असलेली एवढीशी खोली होती. तात्या आधी वर्तमानपत्र अंथरत, त्यावर डबा मांडत, आणि मग शर्टाच्या खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढत. तिच्यात त्यांचं दिवसाचं मीठ असायचं. सकाळी अर्धा चमचा, तोही बोटानं सपाट केलेला. डब्यातली भाजी, डाळ, भात, सगळं आळणी. वरून जे काय लागेल ते डबीतून.

डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं होतं. ब्लडप्रेशर होतं, आणि किडनीही थोडी कमजोर होती. "माझी किडनी नव्या सुनेसारखी हाय," ते म्हणायचे. "जरा जास्त काम पडलं का तोंड फुगवते." लोक असा सल्ला ऐकतात आणि विसरतात. तात्यांनी त्याचा धर्म केला.

मिठाला ते 'गडी' म्हणत. गडी कुठे कुठे लपून बसतो हे शोधणं हा त्यांचा छंद. "पापडात बसतो ते कुनी पन सांगंल. पन खारीत? पावात? ह्या गोड बिस्किटात पन बसलाय, बग." बिस्किटाचा पुडा डोळ्यांजवळ नेऊन ते बारीक अक्षरं वाचत. भज्यांतल्या सोड्यावर त्यांचा विशेष राग होता. "त्यो मिठाचा मावसभाऊ. नाव दुसरं, काम तेच." चहाबरोबर कोणी आग्रहानं खारी दिलीच तर खात, पण लगेच डबी उघडून चिमूटभर मीठ खिडकीतून बाहेर टाकत. "एक आत आला, एक बाहेर गेला."

सुकट ते तीन पाण्यांतून काढून खात. लिंबू, चिंच, भाजलेलं जिरं, लसूण यांच्यावर त्यांची सगळी भिस्त. एकदा गावातल्या हळदीला मी त्यांच्या पंगतीत होतो. तात्यांनी पेलाभर गरम पाणी मागवलं आणि मटणाचा एकेक तुकडा त्यात बुडवून खायला लागले. आचारी कंबरेवर हात ठेवून समोर उभा.

"तात्या, माझ्या मटनाला आंघोळ घालताय?"

"आंघोळ न्हाय रं. गड्याला भायेर काढतोय."

"आनि त्या पेल्यात जे उरलं त्याचं काय करू?"

"ते तूच पी. तुझं बीपी चांगलं हाय."

पंगत खो खो हसली. तात्याही हसले. पण त्यानंतर त्यांना मी कुठल्या हळदीत पाहिलं नाही.

मिठाबद्दल त्यांना अभिमानही तितकाच. खाडीकाठी त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. "बापानं गडी पिकवला आनि पोराचं त्याच्याशीच भांडन," असं म्हणून ते जेवणाआधी मिठाचा एक कण जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि मान डोलावत. "माझी जीभ काट्यापेक्षा खरी. मीठ बदललं तर एका कनात सांगंन."

आता माझ्या पापाकडे येतो.

तात्या माझ्या डब्यातही डोकावत. भाजीचा रस चमच्यानं हलवून, न चाखता, नुसता वास घेऊन निकाल देत: "सदा, वैनींचा हात जड हाय." मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझा हात माझ्या घरात आहे." पण आईलाही ब्लडप्रेशर होतं. बायकोनं दोन दिवस विचार केला आणि तात्यांचा धर्म आमच्या स्वयंपाकघरात आला. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पापड बंद झाले. मी काही बोललो की उत्तर ठरलेलं: "तात्या काही उगाच म्हणत नाहीत." वज्रेश्वरीकडच्या खेड्यात मिरची-मीठ-भाकरीवर वाढलेला माणूस मी. एका गेटवाल्यामुळे माझ्या ताटातला पापड गेला, हे मला सहन होईना.

त्याच सुमाराला दुकानदाराच्या सांगण्यावरून बायकोनं आईसाठी कमी सोडियमचं मीठ आणलं. दिसायला तसंच पांढरं, बारीक. मी विचार केला, हे तात्यांच्या डबीत घालावं. त्यांना कळणार नाही, जिभेची फुशारकी उघडी पडेल आणि बायकोचा त्यांच्यावरचा विश्वास उडेल. शिवाय हे मीठ तब्येतीला चांगलंच; म्हणजे नुकसान काहीच नाही. चूक करताना माणूस किती व्यवस्थित विचार करतो!

उन्हाळ्यात तात्या शर्ट काढून खुंटीला टांगत आणि बनियनवर अकरा वाजता ट्रकांच्या रांगेतून फेरी मारत. सोमवारी त्या वेळात मी खिशातली डबी काढली, तिच्यातलं मीठ टाकलं आणि माझं भरलं.

एक वाजता तात्यांनी कण जिभेवर ठेवला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ मिटले, असं आता वाटतं. मग मान डोलावली, पंख्याचा वारा लागू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा केला आणि डबी भाजीवर झाडली. जेवण झाल्यावर वर्तमानपत्राचे चार कोपरे जुळवून पुडी केली आणि ती स्वतः बाहेर नेऊन टाकली. असं शनिवारपर्यंत चाललं.

शनिवारी केबिनबाहेर चारपाच ड्रायव्हर आणि हमाल जेवायला बसले होते. मी उभा राहून जाहीर केलं, "तात्यांच्या डबीत सहा दिवस दुसरंच मीठ आहे. मी घातलंय. आणि काट्यापेक्षा खऱ्या जिभेला पत्ताच नाही! तात्यांची जीभ नापास!"

रामदुलारे नावाचा ड्रायव्हर मांडीवर थाप मारत ओरडला, "चाचा फेल हो गए! चाचा की जबान फेल!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "म्हातारी झाली रं जीभ. आता तिचा पन भरवसा न्हाय."

घरी येऊन मी बायकोला विजयाची बातमी दिली. ती पोळी लाटायची थांबली. "तुम्ही दुसऱ्याच्या जेवणात हात घातलात?" एवढंच म्हणाली. पापड काही आला नाही.

आठदहा दिवसांनी आईला डॉक्टरांकडे नेलं. आमचं नवं मीठ ऐकून त्यांनी आधी आईचे किडनीचे रिपोर्ट मागितले. ते ठीक होते. डॉक्टर म्हणाले, "मग चालेल. पण या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल तर ते अंगात साठतं, हृदयावर येतं. विचारल्याशिवाय हे कोणाला देऊ नका बरं."

माझ्या कानात एकच वाक्य वाजायला लागलं: माझी किडनी नव्या सुनेसारखी हाय.

आईला घरी सोडून मी तसाच रिक्षानं अंजूरला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. बंगल्याच्या पुढच्या स्वयंपाकघरातून मासे तळल्याचा वास येत होता, आत नातवंडांचा गोंधळ चालू होता. सून म्हणाली, "तात्या मागं हायत." मागच्या पडवीत एका शेगडीवर तात्या स्वतःची डाळ शिजवत होते. शेजारी एक ताट, एक वाटी, एक पेला.

"तात्या, ते मीठ तुमच्या पोटात किती गेलं?" मी विचारलं. 

"बस आधी. घाम पूस." त्यांनी पाट सरकवला. "रोजचा एक कन गेला. जिभेवर ठेवला तेवढाच. पयल्याच दिवशी कळलं. कडवट गडी, आपला न्हाय. सुनेनं मागं तेच आनलं व्हतं, डॉक्टरानं परत पाठवलं. मना चव ठावं हाय. मग रोज कन जिभेवर ठेवला का कळायचं, तुझं काम चालू हाय."

"पण तुम्ही तर भाजीवर..."

"भाजीवर न्हाय, पेपरावर."

म्हणजे सहा दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून दुपारचं निव्वळ आळणी जेवला होता.

"बोलला का नाहीत? शनिवारी मी सगळ्यांसमोर... तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"तर काय? सदानं म्हाताऱ्याला विष घातलं, अशी बोंब झाली असती. शेठनं तुला काढला असता. आनि काढला नसता तरी तू लाजून तिकडं ड्रायव्हरांत जेवाला बसला असतास." त्यांनी डाळ हलवली. "हितं पोरं चांगली हायत माझी. पन मी पानावर बसलो का सगळ्यांचे हात आखडतात. लोनचं कुनी मागत न्हाय, पापड कुनी मोडत न्हाय. लहान पोरांनी माझ्यासाठी तोंड बांधून का जेवाचं? ही होती तवर दोघं बसायचो. आता मी मागं बसतो. दुपारी तू असतोस. तू गेलास तर मी बोलायचं कुनाशी, काट्याशी?"

गेटवर का बसतात, ते मला त्या पडवीत कळलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यांनी दुसरं ताट आणायला सुनेला हाक मारली. मी आळणी डाळभात जेवलो आणि परत आलो.

रात्री बायकोला काही सांगितलं नाही, सकाळी सगळं सांगितलं. तिनं डबा हातात दिला तेव्हा जड लागला. "दोघांचं आहे," ती म्हणाली. "मीठ नाही घातलेलं."

एक वाजता तात्यांनी पेपर अंथरला. बाहेर तेच ड्रायव्हर, तेच हमाल. शेठचा भाचा केबिनच्या दारात उभा होता, आणि त्याच्या कानावर जे जाईल ते शेठच्या कानावर जाणार, हे मला माहीत होतं. मी उठलो तसा तात्यांनी माझ्या शर्टाचा कोपरा धरला. "सदा, गप. जेव."

मी आधी रामदुलारेला कळावं म्हणून हिंदीत सांगितलं: चाचांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, ते मीठ त्यांना विषासारखं होतं, आणि मला वाचवायला ते गप्प राहिले. मग तात्यांकडे वळलो.

"तात्या, तुमची जीभ पास आहे. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नाही. तुमच्या ताटात हात घातला आणि वर सगळ्यांना तुमच्यावर हसवलं. माझं चुकलं. मला माफ करा."