अडीच माणसांचा सोफा

नवऱ्याला तिघांचा सोफा हवा होता, तिला दोघांचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई घरी येणार, त्यांना नीट बसता यावं, एवढ्यावर मात्र एकमत होतं. आठवडाभर धुसफुस झाली आणि तडजोड म्हणून अडीच माणसांचा सोफा ठरला.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोफा दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाला अडला.

"ताई, माप नव्हतं का घेतलं?" हमालाने घाम पुसत विचारलं.

"घेतलं होतं ना! माझ्या सोफ्याचं."

"मी माझ्या," नवरा म्हणाला. "माझा सुटा होऊन वर गेला असता."

"माझा अख्खा गेला असता."

तडजोडीचं माप कोणीच घेतलं नव्हतं.

सोफा उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. शेवटी हमालांनी तो वळणावर भिंतीला लावला, "उद्या परत नेतो" म्हणाले आणि सटकले. वर जायला जेमतेम वीतभर फट उरली. समोरचं दार उघडून दुसऱ्या मजल्यावरचे काका बाहेर आले.

"हा जिना आहे की दिवाणखाना?"

"काका, फक्त उद्यापर्यंत..."

"मग आज रात्री गच्चीवर काय आम्ही उडत जायचं?"

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. खाली टॅक्सी थांबली होती. सासूबाई एवढ्या चढून आल्या, तरी या फटीतून जाणार कशा?

कठडा धरून, एकेक पायरी करत त्या वळणावर पोचल्या, तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. आणखी दोन पायऱ्याही झाल्या नसत्या. समोर सोफा दिसताच त्यांनी अंग टाकलं.

"देवच पावला! कुणाला गं सुचलं हे इथे ठेवायचं?"

"यांना," ती म्हणाली.

"छे, हिला," नवरा घाईने म्हणाला.

काका तोंड उघडणार, तोच दम्याने घरात अडकून पडलेल्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी टेकल्या. दोघींच्या गप्पा रंगल्या. सासूबाईंना तरतरी आल्यावर काकांनी मुकाट्याने आपलं दार सताड उघडलं, सोफ्याचं टोक आत ओढलं आणि वाट करून दिली.

सकाळी हमाल आले. काका दारात कमरेवर हात ठेवून उभे.

"हात लावायचा नाही! आमच्या घरातलं टोक आमचं आहे. आणि ही बसलीय त्यावर, काल वर आलेल्या वहिनींची वाट बघत."

हमाल बावचळले. तिने त्यांना वर बोलावून चहा दिला आणि सोफा इतकाच वर आणल्याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले.